गजभियेकाकांचा संशय

गजभियेकाका संत्री घेताना टोपलीच्या तळातलं एक आधी चाखायला मागत. "वरचे गोड असतातच वं, खालच्याचं सांग," असं संत्रेवालीला म्हणत. सक्करदऱ्यात आमची घरं शेजारी. मी चहा दिला, तर पहिला घोट मला घ्यायला लावत आणि मी शाबूत दिसलो की मग पीत. नळाला जास्त वेळ पाणी आलं तरी म्हणत, "यात काहीतरी हाये, मास्तर." आम्ही हसायचो. ते जाऊन महिना झाला. अजूनही हसू येतं, पण मध्येच थांबतं.

एकदा मात्र कोणी हसलं नाही. मंदीचं कारण सांगून कापडगिरणीनं विणकाम खात्यातली माणसं कमी केली, त्यांत काका होते. नियमानं शेवटी लागलेला आधी जायचा. काकांच्या मागून लागलेले दोघे मागावर तसेच राहिले.

"मलेच काहून काढलं?" काकांनी विचारलं, आणि उत्तरही त्यांनीच दिलं. मागावर आडवं सूत नेणाऱ्या धोट्यात सुताची नवी कांडी घातली की सुताचं टोक भोकातून तोंडानं ओढून घ्यावं लागे. तोच धोटा पुढच्या पाळीचा विणकर तोंडाला लावी. म्हणून विटाळाच्या नावाखाली काकांच्या समाजाला त्या खात्याचं दार बंद होतं. दीक्षा घेतलेले काका तिथं पोचलेले पहिलेच.

साहेबांनी सूतकताईत जागा देऊ केली, तिथं धोटा नसे; पगार तेवढाच. मी म्हणालो, "घेऊन टाका."

"तुमाले बी त्यायनंच पाठवलं काय?" म्हणाले, आणि कितीतरी दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

कामगार न्यायालयात त्यांनी स्वतःच्या वकिलाचीसुद्धा उलटतपासणी घेतली. खटला जिंकले. मागावर परतले.

पहिल्या दिवशी पाळी सुटल्यावर ते खांबाआड थांबले. पुढच्या पाळीचा जोडीदार आला. त्यानं धोटा न पुसता ओठांना लावला आणि सूत ओढलं. काकांना शंका आली. पुढे होऊन म्हणाले, "याच्यावर आत्ता मी होतो बरं. मी, गजभिये."

"दिसलं ना मले. सरका गा काका, माग खोळंबून राहिला."

हे त्यांनी माझ्या दारात उभं राहून सांगितलं. काकू केव्हाच गेल्या होत्या, घरी ऐकणारं कोणी नव्हतं. मी बसा म्हटलं, पण बसले नाहीत. "सरका गा, म्हणे," असं त्याच्याच सुरात म्हणाले, आणि सगळी हकीगत पहिल्यापासून पुन्हा सांगू लागले.