पारखे विरुद्ध पारखे

पारख्यांची बायको माहेरी राहात्याला निघून गेली, आणि थोड्याच दिवसांनी त्यांच्या घरातून तिचा आवाज यायला लागला.

"आली वाटतं सुलभा," म्हणत माझी बायको मंदा वाटी घेऊन विरजण मागायला गेली, ती पांढरीफटक होऊन परत आली. घरात पारखे एकटेच होते.

पारखे आमचे नागापूरचे शेजारी. एमआयडीसीत लेथवर काम. ताप आला तर डॉक्टरलाच औषध सांगणारा माणूस. केसही स्वतःच कापायचे, त्यामुळे मागून डोकं उंदराने कुरतडल्यासारखं दिसे. बायकोने नांदायला यावं म्हणून कुटुंब न्यायालयात अर्ज करायचं ठरलं, तेव्हा मी म्हणालो, "एखादा वकील बघा."

"कशाला? भांडान माझं, त्याला काय ठावं? आपला वकील आपनच!"

अर्ज खिडकीवरून परत आला. प्रतिज्ञापत्र जोडलं नव्हतं, आणि 'सदर बायको लई चांगली हाय' हे वाक्य कुठल्या मुद्द्यात धरावं, ते कारकुनाला कळेना. पारख्यांनी प्रतिज्ञापत्र जोडलं. वाक्य काढलं नाही.

आवाजाचा छडा लावायला भर दुपारी मी त्यांच्या दारात गेलो. आत समोरासमोर दोन खुर्च्या. एकीवरून पारखे दरडावून विचारत होते, "सामनेवाली, घर का सोडलं?" मग उठून ते दुसरीवर बसले. बसताबसता खांदे आवळले गेले, मान खाली गेली, बोटं नसलेला पदर पिळू लागली. आणि सुलभाचा आवाज निघाला. नक्कल वाटेना.

"उलटतपासणीची तयारी," मला पाहून ते आपल्या आवाजात म्हणाले. "ती काय बोलंल ते आधी कळाया पायजे."

"मग कळलं का?"

"पयल्यांदा मीच जिंकत हुतो. आता तिच्या खुर्चीत बसलं की उठूच वाटत न्हाई."

तारखेला त्यांनी मला सोबत नेलं. समुपदेशक बाईंनी नवरा-बायकोला समोरासमोर बसवलं. "सुलभाताई, तुमचं काय म्हणणं आहे?" सुलभाचे ओठ हलले, पण शब्द फुटेना. तेवढ्यात तिचा आवाज आला. पारख्यांच्या तोंडून.

"आई गेली माझी, तवा ह्यांनी मला रडू दिलं न्हाई. रडू कसं आवरायचं तेच शिकवत बसले. भाजीत मीठ किती ते ह्यांनी सांगायचं, साडी कुठली ते ह्यांनी सांगायचं. त्या घरात माझं कायच न्हवतं, बाई. बोलनं बी न्हाई."

बाईंचा पेन जागच्या जागी थांबला. सुलभा खुर्ची मागे सरकवत भिंतीला टेकली.

"हे मी कधीच कुनाला बोलले न्हाई," ती म्हणाली. "तुमाला कुनी सांगितलं?"

"तूच," पारखे म्हणाले. आता आवाज त्यांचा होता. "रोज."

मग बाईंकडे वळून म्हणाले, "माझा अर्ज मागं घेतो. तिचं बरोबर हाय." अर्ज मागे घ्यायचा अर्जही त्यांनी तिथेच बाकावर बसून स्वतः लिहिला. सुलभा राहात्याला गेली, आम्ही नागापूरला आलो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पारखे आमच्या दारात उभे. कधी कुणाकडे न जाणारा माणूस. मंदा दचकलीच.

"वैनी, जरा बसू का?"

"बसा की. चहा टाकते. काय म्हणताय?"

"मला काय इचारू नका. तुमी दोघं बोला. भाजीचं, लाइटबिलाचं, काय बी. मी निसता ऐकतो."

मी आणि मंदाने एकमेकांकडे पाहिलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ऐन वेळी विषय सुचेना. शेवटी मंदा म्हणाली, "अहो, उद्या डब्याला काय देऊ?"

पारखे उंबऱ्यापाशी टेकले, आणि मी काय उत्तर देतो याची वाट बघत राहिले.