टँगो नृत्यासाठी पत्नी उपलब्ध होण्याबाबत

विषय : टँगो नृत्यासाठी पत्नी उपलब्ध करून मिळणेबाबत.
संदर्भ : माझा अर्ज, जावक क्रमांक १, दिनांक ११ एप्रिल.

उपरोक्त विषयास अनुसरून सादर करण्यात येते की, मी इंद्रभान वानखडे, वय चौसष्ट, वजन एक्याण्णव किलो, राहणार कारंजा लाड, एका सरकारी कचेरीच्या आवक-जावक शाखेत चौतीस वर्षे बसून निवृत्त झालो. (बसून हा शब्द जाणीवपूर्वक वापरला आहे. वजनाचा खुलासा त्यातच येतो.)

माझी पत्नी लिला पाच वर्षांपूर्वी सुनेच्या बाळंतपणासाठी पुण्याला गेली, ती महिनाभरासाठी. तो महिना अजून चालू आहे. दिवाळीला येते, डबे घासते, मला बोलते आणि परत जाते. मीही एकदा पुण्याला राहायला गेलो होतो. त्या फ्लॅटमध्ये माझ्यासाठी एक खुर्ची नेमून दिली होती आणि ती खुर्ची घरातल्या प्रत्येकाच्या वाटेत येत होती. सोळाव्या दिवशी मी परत आलो. कोणी थांबवलं नाही असं नाही, थांबवलं. पण बस सुटायच्या बेतात असताना.

तर एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, दुपारी वरण-भात खाऊन मी मोबाईल पाहत पडलो होतो. सोयाबीनच्या बियाण्याचा व्हिडिओ संपला आणि त्याला लागून, काय हिशेबाने कोण जाणे, टँगोचा लागला. दूर अर्जेंटिनातला कुठला तरी हॉल. आपल्या पेटीसारखं एक वाद्य, पण पेटीला दमा झाल्यासारखं वाजणारं. एक म्हातारा, माझ्याहून मोठा, पोटही माझ्याहून मोठं. एक बाई, पायाचे घोटे सुजलेले, काळा झगा. दोघं एकमेकांना धरून नुसती चालत होती. तो पुढे येई, ती मागे सरके. उड्या नाहीत, गिरक्या नाहीत. बाईने डोळे मिटले होते आणि तिचा हात त्याच्या मानेवर होता.

मी तो व्हिडिओ चार वेळा पाहिला. माझ्या मानेवर शेवटचा हात न्हाव्याचा पडला होता.

मग खालचे शेरे वाचले. मोबाईल त्यांचं मराठीही करून देतो. ‘हे नृत्य तरुण आणि सडपातळ लोकांसाठी आहे.’ ‘फ्रीज आणि कपाट सरकत आहेत.’ ‘आजोबा, घरी बसा.’ वाचून माझं डोकं तापलं. घरी बसण्याचा अनुभव नसलेला माणूसच असा सल्ला देऊ शकतो. तेव्हाच ठरवलं, टँगो शिकायचा. एवढासा निर्णय. पुढचं सगळं त्याच्या पोटातून निघालं. (माझ्या नव्हे.)

शिकवणाऱ्या व्हिडिओत सांगितलं, आधी आलिंगन, मग पाऊल. घरात आलिंगन देण्याजोगी उभी वस्तू एकच होती, कूलर. तो चाकांच्या स्टँडवर असल्यामुळे मागे मागे जायला तयार होता. वायर काढली (मी कारकून आहे, मूर्ख नाही), पण टाकीतलं पाणी काढायचं सुचलं नाही. पहिली चार पावलं उत्तम पडली. पाचव्या पावलाला व्हिडिओत ‘आता तिला हळूच वळवा’ असं सांगितलं. मी वळवलं. एक चाक फरशीच्या फटीत अडकलं, स्टँड कलला आणि साठ लिटर पाणी बैठकीत मोकळं झालं. कूलर पडू नये म्हणून मी त्याला छातीशी घट्ट धरून उभा राहिलो. सोडला असता तर तो पडला असता, न सोडला तर मी.

पाणी उंबरठ्याबाहेर गेलं आणि शेजारच्या मनकर्णाबाई आत आल्या. आमच्या घराची दुसरी किल्ली त्यांच्याकडेच असते.

“अवं माय! साहेब, कूलरले काहून कवटाळून राह्यले?”

“नाचून राह्यलो.”

“कोनासंगं?”

“सध्या याच्यासंगंच.”

त्यांनी एक बाजू धरली, आम्ही कूलर सरळ केला. मग त्या पदर खोचून पाणी काढता काढता म्हणाल्या, “लिलाबाईले फोन करू काय? की आधी डॉक्टरले?”

“कायले?”

“दुपारी कोनी कूलरसंगं नाचते काय? अन् नाचाले अंग पाह्यजे, साहेब. तुमचं त नुसतं आंगनच हाय.”

त्या रागावून बोलत नव्हत्या. जाताना वांग्याची भाजी ठेवून गेल्या. पण कूलर हा जोडीदार चालणार नाही, हे त्या दिवशी सिद्ध झालं.

लिलाला फोनवर विचारायचं धाडस नव्हतं. फोनवर तिच्यामागे कुकर असतो, नात असते, टीव्ही असतो. ‘नाचायला ये’ हे वाक्य त्या गर्दीत शिरणार कसं? मला एकच मार्ग ठाऊक होता. कोरा कागद घेतला आणि अर्ज लिहिला. विषय, संदर्भ, कारणमीमांसा. टँगो म्हणजे काय, वयाची अट नसणे, वजनाची अट नसणे. शेवटी लिहिलं, ‘आपण गेल्यापासून अर्जदारास कोणीही धरलेले नाही. सबब, दिनांक १ मेपूर्वी आपण समक्ष हजर राहून अर्जदारास दोन्ही हातांनी धरावे, ही विनंती.’

लिहून झाल्यावर डोळे जरा ओले झाले. सही केली, जावक क्रमांक टाकला आणि खाली हात आपोआप चालू लागला. ‘प्रत माहितीस्तव सविनय सादर : १) चि. सतीश, पुणे. २) सौ. सपना, पुणे. ३) मा. अध्यक्ष, ज्येष्ठ नागरिक संघ. ४) श्रीमती मनकर्णाबाई, शेजार.’

चौतीस वर्षांत मी एकही कागद प्रतींशिवाय बाहेर सोडला नव्हता. बायकोला लिहिलेला कागद त्याला अपवाद असतो, हे मला कुठल्याच परिपत्रकात कळवलेलं नव्हतं. मूळ अर्ज आणि पुण्याच्या मुला-सुनेच्या प्रती स्पीड पोस्टाने गेल्या. उरलेल्या दोन मी स्वतः वाटल्या, पोच घेऊन.

संघाचे अध्यक्ष हरिसिंग राठोड, निवृत्त मुख्याध्यापक. त्यांनी ती प्रत मासिक सभेत उभं राहून वाचली, धडा वाचतात तशी, स्वच्छ उच्चारात. ‘दोन्ही हातांनी धरावे’ इथे ते थांबले आणि त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. एकवीस सभासदांनीही पाहिलं. पंखा बंद करण्याची ती वेळ नव्हती, पण वीज गेली.

“वानखडेसाहेब, प्रस्ताव चांगला हाय,” राठोड गुरुजी म्हणाले.

“गुरुजी, तो प्रस्ताव नाही. माहितीस्तव प्रत आहे.”

“माहिती झाली न आमाले. म्हणूनच मंजूर करतो. एक मेले आपला वर्धापनदिन हाय, त्यात ठेवू.”

“टँगोले कंबर लागते बाप्पा,” मागून कोणी तरी म्हणालं.

“कंबर हाय साहेबाले. पोटामागं राह्यते, दिसत नाही.”

“अन् या वयात बायकोले चारचौघांत धरणं बरं दिसते काय?”

“ते बायको आल्यावर ठरवू,” गुरुजी म्हणाले. “येऊन राह्यल्या न वहिनी?”

मी म्हणालो, “हाव.” अर्ज मिळाल्याची पोच आली होती. उत्तर आलं नव्हतं. पण कार्यक्रमपत्रिका छापून झाली : ‘टँगो — श्री. व सौ. वानखडे’. ती मी लिलाला व्हॉट्सअॅपवर पाठवली. दोन निळ्या खुणा आल्या. चौतीस वर्षे लोकांना ‘तुमचा कागद पाहिला आहे’ एवढंच सांगून मी परत पाठवत असे. त्या लोकांची त्या रात्री प्रथमच आठवण झाली.

एक मे उजाडला. सकाळची गाडी आली, त्यात ती नव्हती. दुपारची आली, त्यातही नव्हती. मी बसस्थानकावर उसाच्या रसाचे चार ग्लास प्यालो (एक्याण्णव किलोंना त्यामुळे मदतच झाली) आणि संध्याकाळी इस्त्रीचा शर्ट घालून हॉलवर गेलो.

“वहिनी कुठी हायेत?” गुरुजींनी विचारलं.

“रस्त्यात असतील.”

“मग रद्द करू काय?”

पत्रिकेत छापलेली बाब रद्द करायला कारण लिहावं लागतं, आणि कारण मला लिहायचं नव्हतं. मी स्टेजवर गेलो. दमेकरी पेटी सुरू झाली. मी उजवा हात तिच्या पाठीमागे जिथे असायला हवा तिथे धरला, डावा हवेत, आणि चालू लागलो. चार पावलं, वळण, चार पावलं. कोणालाही न पाडता मी दीड मिनिट नाचलो. पाडायला कोणी नव्हतंच. सुरुवातीला लोक हसले, मग थांबले. थांबले ते जास्त अवघड गेलं. शेवटी मनकर्णाबाईंनी एकटीनेच टाळ्या सुरू केल्या आणि बाकीच्यांना वाजवाव्या लागल्या.

कोणी तरी माझ्या नाचाचा व्हिडिओ काढला आणि इंटरनेटवर टाकला. सकाळपर्यंत खाली शेरे जमले होते. ‘आजोबा कोनाले शोधून राह्यले?’ ‘पोट पुढं, साहेब मांगून.’ ‘स्टेज मजबूत हाय, ठेकेदाराचा सत्कार करा.’ मी तासभर विचार करून एक कडक उत्तर लिहिलं : ‘सदर कलाकाराचे वय व आकारमान न पाहता त्यांची कला पाहावी. सदर कलाकार अत्यंत गुणी आहेत.’ पाठवल्यावर दिसलं की वर ठळक अक्षरांत माझंच नाव आणि माझाच फोटो आहे. ते पुसायचं कसं, मला अजून माहीत नाही. त्याला एकच अंगठा मिळाला. कोणाचा, ते पाहायला चष्मा पुसला. लिलाचा होता.

संध्याकाळी तिचा फोन आला. मागे कुकर नव्हता. बहुतेक गॅलरीत येऊन बोलत होती.

“अवो, पाह्यलं मी.”

“कसं वाटलं?”

“हात लय वरते धरला होता तुमी. येवढी उंच नाही न मी.”

पाच वर्षांत मी तिची उंची चार बोटं वाढवून ठेवली होती.

“मग अर्जाचं काय?” मी विचारलं.

“पोरीचा समर कॅम्प हाय. तिले नेनं-आननं माह्याकडंच हाय. सपनाले इचारून सांगतो.”

“कॅम्प कशाचा आहे?”

“डान्सचा,” ती म्हणाली आणि तिला कोणी तरी आतून हाक मारली.

सबब, सदर अर्ज सूनबाईंच्या अभिप्रायार्थ पाठविण्यात आला असून, आज दिनांक २७ मे रोजी तो प्रलंबित आहे.