पहिल्याच पानावर आईबाप गायब

जयप्रकाश सबनीसांनी आयुष्यात ताळेबंदापलीकडे काही लिहिलं नव्हतं. तरी आखातातल्या मराठी मंडळाच्या बैठकीत त्यांनी छातीठोकपणे सांगून टाकलं, "मुलांच्या अंकाची साहसकथा माझ्याकडे लागली! आठवड्यात हातात देतो!"

त्यांना गुरुकिल्ली सापडली होती ना! नऊ वर्षांच्या लेकीची, स्पृहाची पुस्तकं त्यांनी एका शुक्रवारी चाळली होती. कुठलंही उघडा, पहिल्याच पानावर आईबाप गायब! कुणी बोटीसकट बुडालेले, कुणी मोहिमेवर गेलेले.

"त्या बिचाऱ्यांनी कुणाचं काय घोडं मारलंय?" त्यांच्या बायकोनं, चारुलतानं विचारलं.

"अगं, घरात 'टोपी घाल, पाणी पी' म्हणणारं कुणी असलं, तर पोरं साहस करतील कशी?"

महिनाअखेर असल्यामुळे जयप्रकाशना अरादचं घर फक्त झोपेपुरतं दिसत होतं. म्हणून ते मनामाच्या ऑफिसात जेवता जेवता कथा बोलायचे, व्हॉइस मेसेज चारुलताला जायचा आणि ती टाइप करायची. पद्धत झकास होती. पण त्या दिवशी घास घेताना अंगठा घसरला आणि मेसेज गेला बिल्डिंगच्या ग्रुपवर!

"ऐक! आईबाप आज विमानानं पसार. पोरगी अरादच्या फ्लॅटमध्ये एकटी. रडेल दोन दिवस, मग शिकेल आपोआप! कुणाला आधीच सांगू नकोस, मजा जाईल!"

एवढं बोलून साहेबांनी फोन बंद केला आणि मीटिंगला गेले.

घरी आले तर दार सताड उघडं! हॉलमध्ये समोरच्या नुसरतभाभी बिर्याणीचं पातेलं घेऊन उभ्या, शेजारी त्यांचे शब्बीरभाई डोक्यावर गादी घेऊन. आत्ताच कामावरून आलेली चारुलता दोघांकडे आळीपाळीनं बघत होती.

"जेपीभाई, नोकरी गेली, व्हिसा संपला, काय असंल ते असो. आमी इचारनार नाय," नुसरतभाभींचे डोळे भरले होते. "पन पोरीला एकटी टाकून? आमचं दार समोर हाय ना!"

"खाट उद्या तुबलीच्या सुताराकडनं बनवून घेतो," गादीखालून शब्बीरभाई म्हणाले. "आज आमच्या आतिकाच्या बाजूला झोपंल. खलास!"

तेवढ्यात जयप्रकाशनी फोन चालू केला. ग्रुपवर स्पृहाची वाटणी सुरू होती. तिसऱ्या मजल्यानं शाळेचा डबा घेतला होता, पाचव्यानं गणित. शुक्रवार-शनिवारची सुट्टी कुणाकडे, यावरून तर जुंपली होती!

"अहो, ती गोष्ट आहे! गोष्ट!" ते ओरडले.

गादी धप्पकन खाली आली. सगळे हसले, नुसरतभाभी तर हसता हसता रडल्या. आणि मग आतल्या दारात स्पृहा दिसली. पाठीवर दप्तर, हातात टूथब्रश आणि बगलेत थालीपिठाच्या भाजणीचा डबा. आतिकानं तिला सगळं सांगितलं होतं.

"भाजणी कशाला, बाळा?" चारुलतानं कसंबसं विचारलं.

"आतिकाकडे नसते," ती म्हणाली. "आय वोन्ट ट्रबल देम. बट यू'ल कम बॅक, ना?"

जयप्रकाशनी लेकीला दप्तरासकट उचललं.

"अगं राणी, ती खोटी गोष्ट! मी कुठेही जाणार नाही!"

बिर्याणी सगळ्यांनी मिळून संपवली. दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. जयप्रकाशनी फोन बाजूला ठेवला आणि मांडी ठोकून सगळी कथा नव्यानं लिहिली. आता आईबाप शेवटच्या पानापर्यंत जागच्या जागी! बाबा रोज पाच वाजता घरी येतात, लेकीशी कॅरम खेळतात, आणि खजिना सगळे मिळून शोधतात. कथा हातात देऊन ते ऐटीत लेकीच्या समोर बसले.

स्पृहानं शेवटपर्यंत वाचली. मग बापाच्या गळ्यात हात टाकून ती म्हणाली, "व्हेरी नाइस, बाबा! पण आधी ॲडव्हेंचर होती ना? आता फॅन्टसी केलीस?"