क्लचातील हवेवर कुलदीपरावांनी केल्या स्वारीची हकीकत

थोरांचे पराक्रम लिहावे हा लेखकाचा धर्म. थोर न सांपडले, सबब राजश्री कुलदीपराव, वस्ती अमरावती, यांजवरच शाई खर्चणे प्राप्त जाहले. वाचणारांनी क्षमा करावी.

ऐसियास, राव नांदगाव पेठेच्या कापड कारखान्यात चाकरीस असतां थोरली मोटारसायकल खरीदते जाहले. तिचे क्लचास तार नव्हती, नळीतील तेलाच्या दाबाने तो चाले. याचा रावांस ऐसा गर्व कीं कोणी रामराम घातला तरी क्लचाचीच हकीकत ऐकवावी. आणि मग बुद्धी फिरली, मोबाइलात व्हिडिओ पाहून जुने तेल बदलावयाची मसलत केली, मिस्त्रीस न पुसतां खासा हस्तें मुठीपाशील तेलाची डबी उपसली आणि रिकाम्या डबीवरच क्लचाची लिव्हर दाबीत बैसले. तेणेंकरून नळीत हवा शिरली. लिव्हर निर्जीव होऊन मुठीस टेकली आणि गिअर पडेना.

तो दिवस मोठा बाका. रावांचे कुटुंब ज्योत्स्नाबाई कॉलेजांत तासिकांवर शिकवून घसा बसवून घेत होत्या. त्यांस अकोल्यास कायम जागेच्या मुलाखतीचे बोलावणे होते. बाई म्हणाल्या, "मी एसटीनं जातो. तुमी बसा गाडीसंगं खेळत."

रावांनी हुकूम फर्माविला कीं, दारी ऐसे वाहन असतां घरच्या माणसाने एसटीत धक्के खाणे नाही. हवा आत्तांच काढितों. बाई भरंवशावर राहिल्या आणि एसटी निघून गेली.

मग मेव्हणे स्वप्निलराव कुमकेस आले. इंजिनापाशी हवा काढावयाचा स्क्रू, त्यास पारदर्शक नळी जोडून तिचे टोक बाटलीतील तेलात बुडविले. रावांनी लिव्हर दाबून धरावी, स्वप्निलरावांनी स्क्रू खोलून हवा जाऊं द्यावी, स्क्रू बंद जाहल्यावर लिव्हर सोडावी, ऐसी रीत. परंतु रावांचा एक डोळा मोबाइलावर. स्क्रू उघडा असतांच हात सोडीत, आणि नळीचे टोक तेलातून वर आलेले, सबब गेलेली हवा परत ठाण्यांत दाखल होई.

"भाऊजी, लिव्हर कावून सोडून राहिले? नळी उपसून आली, हवा उलटी आत चालली ना!"

"मले शिकवू नोको बे! पुरा व्हिडिओ पाह्यला मी!"

ऐसें बोलतां नव्या तेलाचा डबा कलंडला. तेल टाकीवर सांडले आणि, हें तेल रंगास विषच असल्याने, टाकीचा चकचकीत रंग पापुद्र्यासारखा सुटला. राव ओरडले. शत्रू कोण, हवा कीं राव, हे शेजारच्यांसही उमगेना.

ज्योत्स्नाबाई मुलाखतीची साडी नेसून दारांत उभ्या होत्या. डोळ्यांत पाणी आले होते, ते त्यांनी कोणास दिसूं दिले नाही. मग पदर खोचून आल्या, रावांचे हातचा मोबाइल काढून खिडकीत ठेविला आणि लिव्हर मुठीत धरिली.

"स्वप्निल, मी 'दाबला' म्हनलं का खोल. तू 'बंद' म्हनशील तवाच सोडीन. अन् तुमी डबीत तेल पाहा. संपू देऊ नोका. अन् बोलू नोका."

हा हुकूम मोडावयाची रावांची छाती जाहली नाही. "दाबला!" "बंद!" ऐसा गजर चालला. नळीतून बुडबुडे निघों लागले, आधी थव्यांनी, मग तुरळक, शेवटी निवळ तेल. लिव्हर हातास ताठ लागली. बाईंनी गाडी चालूं करून गिअर टाकिला, तो खट् करून पडला.

"बसा मांगं," बाई म्हणाल्या, "तुमी चालवान तं रस्त्यात पुन्हा व्हिडिओ पाहान." शेंदूरजनाघाटी बापाच्या संत्रामळ्यांत त्या लहानपणापासून गाडी हाकीत आल्या होत्या. रावांची स्वारी मागील आसनीं बैसून, पर्स उराशी धरून, मूर्तिजापूरमार्गे अकोल्यास गेली.

मुलाखत वेळेवर जाहली. राव फाटकाशी चौकीदारास आपले पराक्रम सांगत बैसले होते, तों बाई बाहेर आल्या. चौकीदार म्हणाला, "म्याडम, सायबानं एकट्यानं हवा काढली म्हंते!"

बाई हंसल्या. "हो ना. अन् मले नोकरी लागली. चला, पेढे घेऊ."

येणेप्रमाणे फत्ते जाहली. हवेचा मोड जाहला, टाकीचा रंग कामास आला, आणि मुख्य सरदार कुलदीपराव मागील आसनावरून, पेढ्यांचा पुडा सांभाळीत, सुखरूप अमरावतीस दाखल जाहले.