दुपारच्या झोपेची नोंद

दुपारी दिवे मालवून सगळं ऑफिस टेबलावर मान टाकून झोपलं, की नेमकी तेव्हाच ऑर्डरी घेणारी मशीन बंद पडायची. अननसाचे केक विकणाऱ्या तैपेईतल्या त्या कंपनीत आठवडाभर हेच चाललं होतं. मशीननं शहाण्यासारखं वागावं म्हणून तिथल्या रिवाजाप्रमाणे तिच्या डोक्यावर हिरव्या पुड्यातला मक्याचा खाऊ ठेवून झाला, जुना काढून ताजा पुडाही आणून झाला. मशीन काही ऐकेना.

"कुणीतरी हात लावतंय," फांग साहेब म्हणाले. "पण कोण ते कळणार कसं? आत शिरलात की सगळेच 'रूट' होता."

मशीन ज्या लिनक्स प्रणालीवर चालायची तिच्यावर सर्वाधिकार असलेलं ते एकच नाव सगळे वापरत. म्हणून नव्यानं लागलेल्या शाओयाननं मोठ्या हौसेनं ऑडिट बसवलं. आता कुणी रूट होऊन काहीही करो, मूळ माणसाचं नाव आणि त्यानं दाबलेली प्रत्येक कळ नोंदली जाणार होती. शुक्रवारी त्याला कायम करायचं की नारळ द्यायचा हे ठरायचं होतं, तेव्हा चोर पकडायची घाई त्यालाच जास्त होती.

दुसऱ्या दिवशी चोर सापडला. ऐन झोपेच्या वेळी मशीन बंद करून पुन्हा सुरू करायची कमांड ओळीनं नोंदली गेली होती आणि प्रत्येक ओळीपुढे नाव होतं शाओयानचं.

"साहेब, मी झोपलो होतो हो."

"झोपेत एवढं करतोस, मग जागेपणी काय करशील, बाबा?"

शेजारच्या टेबलावरच्या श्यूमेईताई मध्ये पडल्या. "पोरगा घोरत असतो, साहेब. मी रोज ऐकते."

मग साहेब आणि ताई, दोघांनी पहारा द्यायचं ठरलं. पण अंधारात दोन माणसं टक लावून बघत असताना कुणाला झोप लागणार? शाओयान नुसता डोळे मिटून पडला आणि मशीन ठणठणीत चालली.

"बघा," साहेब ताईंच्या कानाशी लागले. "आपण बसलो की बंद पडत नाही."

शाओयानची उरलीसुरली आशाही गेली. गुरुवारी मात्र ताईंनी स्वतःच्या डब्यातली कोंबडीची तंगडीही त्याला आग्रहानं खाऊ घातली. भरल्या पोटी त्याचा डोळा लागला, उशी घसरली आणि तोंड कीबोर्डवर आलं. जेवणाआधी नवे दर चढवून तो रोज मशीन पुन्हा सुरू करायचा आणि लॉगआउट न करताच झोपायचा. गालानं वरचा बाण दाबला, की तीच शेवटची कमांड समोर यायची, आणि हनुवटी एंटरवर पडायची. प्रत्येक घोरण्याला मशीन बसत होती, उठत होती.

"उठवा त्याला," साहेब म्हणाले. "ऑर्डरी चालल्यात."

गालावर कळांचे ठसे घेऊन शाओयान उठला. सगळं ऐकून त्याला एवढं हायसं वाटलं की डोळ्यांत पाणीच आलं.

"मुद्दाम केलं नाहीस, मान्य," साहेब म्हणाले. "पण असल्या झोपाळूला कायम करा, असं वर कुठल्या तोंडानं सांगू? आण, सगळ्यांच्या नोंदी छापून आण."

त्यानं आणल्या. साहेब चाळता चाळता थांबले. आदल्या दिवशी संध्याकाळी, साहेब दार लावून 'महत्त्वाच्या बैठकीत' असताना, एकाच अक्षरानं चार पानं भरली होती. पुढे नाव होतं फांग.

ताई खिडकीबाहेर बघू लागल्या. साहेबांनी हळूच विचारलं, "माझ्यामुळे काही बंद नाही ना पडलं?"

"नाही, साहेब. तुमचा गाल डाव्या बाजूला होता, एंटरपासून लांब."

साहेबांनी सुटकेचा निःश्वास टाकला, कायम करायचा कागद पुढे ओढला आणि सही केली.

"उद्यापासून झोपायच्या आधी लॉगआउट करायचं," ते म्हणाले. "दोघांनीही."