देव हसतच राहिले

"हे बघा, यंदा धूपपात्र घरी आणायचं नाही. आणलंत तर बसा त्याच्यापाशी. मी एकटी जाईन इपोहला!"

सभागृहात पहिल्या रांगेत बसलेल्या किआन हुआतकाकांच्या कानात बायकोचा सकाळचा आवाज घुमत होता. मलेशियात पेनांगला स्थायिक झालेल्या त्यांच्या चिनी गाववाल्यांच्या मंडळाचा अध्यक्ष मतांनी नव्हे, देवाच्या कौलाने ठरे. ज्याला कौल मिळे त्याच्या घरी वर्षभर देवाचं धूपपात्र राही. दोन्ही वेळचा धूप चुकवायचा नाही आणि घराला कुलूप घालायचं नाही. गेली कित्येक वर्षं कौल काकांनाच मिळत होता. इपोहला लेकीला मुलगी झाली, ती चालायलाही लागली, तरी आजीने तिला पाहिलं होतं ते फक्त मोबाइलवर. "यंदा नक्की नेतो," असा शब्द काकांनी दिला होता.

म्हणून त्यांनी या वेळी आपलं नावच दिलं नव्हतं. पोट सपाट आणि पाठ फुगीर अशा कौलाच्या दोन लाकडी चंद्रकोरी मात्र त्यांच्याच ताब्यात होत्या. त्यांच्या फुगीर पाठींना किडीने भोकं पाडलेली दिसली, तेव्हा आदल्या दिवशी काकांनी ती लाल मेणबत्तीच्या मेणाने मोठ्या भक्तिभावाने बुजवली होती.

पहिला उमेदवार, खिळेमोळेवाला लिम, गुडघे टेकून बसला. एक कोर पालथी, एक उताणी पडली की होकार; असे ओळीने तीन होकार म्हणजे कौल. त्याने टाकल्या. दोन्ही उताण्या!

"देव हसले," चिटणीस चिआ सेंगने जाहीर केलं. हसले म्हणजे उत्तर नाही. लिमने पुन्हा टाकल्या. पुन्हा हसले.

"लिमचं तोंड बघून कोणीही हसेल," मागून कोणीतरी म्हणालं.

दुसऱ्या उमेदवारालाही देव हसले. तिसऱ्यालाही. आणि काकांना एकदम आठवलं. मेण! पाठी जड झाल्यावर त्या बिचाऱ्या कोरी उताण्या नाही पडणार तर काय करणार?

"चिआ सेंग, दुसरी जोडी आहे का रे?" काका कुजबुजले.

"कशाला काका? मंडळाच्या घटनेत स्वच्छ लिहिलंय. कोणालाच कौल नाही, तर जुनेच अध्यक्ष पुढे चालू. देवाचा तुमच्यावर भारी जीव!"

टाळ्या पडल्या. देवाच्या वस्तूला मेण फासलं हे भर सभेत सांगायचं कसं? आणि न सांगता घरी जायचं कसं?

तेवढ्यात बायकांच्या रांगेतून वाफवलेल्या मिठाईच्या दुकानाची मालकीण बी लानमावशी उठली. "माझं नाव घाला."

"मावशी, बायकांचं नाव आजवर कधी आलं नाही."

"घटनेत मनाई आहे?"

चिटणिसाने पानं चाळली. "तसं... नाही."

"घाला, घाला!" काका इतक्या जोरात ओरडले की देवापुढचा दिवा हलला.

मावशीने कोरी उचलल्या आणि नाक मुरडलं. "शी! नैवेद्याचं भाजलेलं डुक्कर चापायचं आणि त्याच हातांनी देवाला विचारायचं! देव हसतील नाहीतर काय?" ती तडक स्वयंपाकघरात गेली, कढत पाण्यात कोरी धुतल्या, स्वच्छ फडक्याने पुसल्या आणि देवापुढे येऊन बसली.

काकांनी डोळे मिटून हात जोडले. *देवा, चूक माझी. त्या नातीकडे बघ.*

खट्. होकार. खट्. होकार. तिसऱ्यांदा एक कोर पालथी पडली, दुसरी गरगर फिरत राहिली, फिरत राहिली आणि उताणी झाली.

सभागृहात एकच गलका झाला. काकांनी सुटकेचा एवढा मोठा सुस्कारा टाकला की पुढ्यातली उदबत्तीची राख उडाली. धूपपात्र सोपवताना मावशी हळूच म्हणाली, "दादा, पुढच्या खेपेला देवाची दुरुस्ती मला विचारून करा. पातेलं लाल झालं माझं."

काकाही लाल झाले.

घरी दारातच बायको ग्वात चू उभी होती. तिने नवऱ्याचे रिकामे हात पाहिले, आणि आत जाऊन कपाटावरची बॅग खाली काढली.

काकांनी दाराचं जुनं कुलूप शोधलं. ते गंजून घट्ट झालं होतं. स्वयंपाकघरातून तेलाची बाटली आणून ते उंबऱ्यावर बसले आणि किल्लीच्या भोकात एकेक थेंब सोडू लागले.