बिननावाची पिशवी

ऐक ना, मध्ये बोलू नकोस, आधी सगळं ऐकून घे! आमच्या गल्लीतला तो तेप्पेई किरिहारा आहे ना, कचऱ्याच्या पिशवीवर नाव लिहायला गेली दोन वर्षं नकार देणारा, त्याची मंगळवारची गोष्ट.

आता नियम सगळ्यांना माहीत आहे. पिशवी पारदर्शक हवी, तिच्यावर घराचं नाव हवं, आणि साडेआठच्या आत ती कोपऱ्यावरच्या निळ्या जाळीखाली हवी. पण तेप्पेईचं आपलं एकच, "माझा कचरा हा माझा खाजगी प्रश्न आहे! आज पिशवीवर नाव, उद्या शिंक आली तर तिच्यावरही लिहायला लावतील!" त्याची पिशवी गाडीवाले कधी नेत, कधी तिथेच टाकून जात.

मंगळवारी तर त्याचं लग्न होतं. म्हणजे मांडव वगैरे नाही, दुपारी नगर कार्यालयात जाऊन चिनात्सुबरोबर नोंदणीचा अर्ज द्यायचा, झालं. पण त्या अर्जावर साक्षीदार म्हणून चिनात्सुच्या आजोबांची सही होती, आणि ती मिळवायला आठ महिने लागले होते. आजोबांची अटच होती की नातजावयाने त्यांचं हामासाकी आडनाव घ्यायचं. नवरा-बायकोचं आडनाव एकच हवं हा इथला कायदा तेप्पेईला कचऱ्याच्या नियमाहून जास्त खुपायचा, पण चिनात्सुसाठी तो हो म्हणाला. आजोबांनी सही केली, "पुन्हा मागायला यायचं नाही," असं बजावलं आणि बोटीने आपल्या बेटावरच्या घरी निघून गेले. कायद्याला कोणाचीही सही चालते रे, पण चिनात्सुला आजोबांचीच हवी होती.

तर सकाळी घर आवरताना तेप्पेईने टेबलावरची जाहिरातींची चळत उचलली, पिशवीत कोंबली आणि पिशवी जाळीखाली ठेवून आला. नाव अर्थातच लिहिलं नाही. पावणेनऊला चिनात्सुचा फोन.

"अर्ज नीट ठेवलायस ना?"

"म्हणजे काय! करी सांडू नये म्हणून जाहिरातींच्या खाली..."

फोन टाकून तो जो पळाला, तो संडासातल्या चपलांवरच! ज्या चपला संडासाच्या उंबऱ्याबाहेर कोणी आणत नाही, त्या फटाफटा वाजवत हा भर रस्त्यात. कोपऱ्यावर पोचला तर गाडी येऊन गेलेली. जाळी गुंडाळलेली. आणि तिथे एकच पिशवी, तिच्यावर लाल कागद चिकटवलेला: नाव नाही, नेणार नाही.

"माझी आहे!" तो ओरडला.

दंडाला देखरेखीची पट्टी बांधून कचऱ्याच्या पाळीवर उभ्या होत्या होरिगुची काकू. त्यांनी आधी चपलांकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"कशावरून तुझी?"

"मीच ठेवली, काकू!"

"नाव कुठंय?"

"नाही लिहिलं."

"मग कशी देऊ? मागे एकाने भलत्याचीच नेली होती. आत काय काय आहे ते सांग. आणि जरा मोठ्याने, मला डाव्या कानाने कमी ऐकू येतं."

बसची वाट बघणारी माणसं वळून बघायला लागली. कुत्रं फिरवणारे एक आजोबा थांबले, कुत्रंही थांबलं.

"जाहिराती. नूडल्सचे तीन कप."

"प्लास्टिकचे? आजच्या जाळायच्या कचऱ्यात? बरं, आणखी?"

"केस गळू नयेत म्हणून लावतात त्या... त्या तेलाची बाटली."

"मोठ्याने!"

"केसांच्या तेलाची बाटली!! आणि भाषणाचे सात कागद. चिनात्सुच्या आजोबांसमोर करायचं होतं."

"पहिलं वाक्य काय?"

तेप्पेईने डोळे मिटले. "आजोबा, मी बेशिस्त माणूस नाही."

बसच्या रांगेत कोणीतरी फुस्सकन हसलं. काकू हसल्या नाहीत. त्यांनी स्वतः गाठ सोडली. जाहिरातींच्या खाली पाकीट, पाकिटात अर्ज. कोपऱ्यावर करीचा एक ठिपका, पण सही शाबूत!

तेप्पेई कमरेत इतका वाकला की डोकं जवळजवळ चपलांना टेकलं. "काकू, तुमच्यामुळे वाचलो!"

"माझ्यामुळे कसला, नियमामुळे. नियम नसता तर गाडीत गेली असती."

"पण नियम पाळला असता तरी गेलीच असती की!"

काकूंनी अर्ज निरखला. "दुसऱ्या साक्षीदाराची जागा रिकामी दिसतेय."

"ऑफिसमधला मित्र करणार आहे."

"त्याने तुझी पिशवी बघितलीय का? मी बघितलीय," असं म्हणून काकूंनी खिशातलं पेन काढलं आणि तिथेच, भिंतीवर अर्ज टेकवून, सुरेख अक्षरात सही केली. तेप्पेईला खरंच रडू आलं रे. बसच्या रांगेतल्यांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या.

आणि मग काकूंनी जाडा मार्कर पुढे केला. "आता ही घरी ने, नीट वेगळं कर, शुक्रवारी आण. पण आत्ता, माझ्यासमोर, हिच्यावर नाव लिही."

तेप्पेईने आयुष्यात पहिल्यांदा आनंदाने मार्कर घेतला. आणि हात हवेतच थांबला.

"काकू, कुठलं लिहू? आत्ता मी किरिहारा आहे. दुपारनंतर हामासाकी."

"गाडी शुक्रवारी येणार, म्हणजे हामासाकी," काकू म्हणाल्या. मग त्याच अडखळल्या. "पण कचरा तर लग्नाआधीचा आहे."

बस आली, सुटली, कुत्रं कंटाळून बसलं, आणि संडासातल्या चपला घालून नवरदेव तसाच उभा, मार्कर वर धरून. तू असतास तर काय लिहिलं असतंस, सांग?